अनसूयामावशीची खिडकी

सिंदी मेघेत राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी गव्हाचा डबा घेऊन चक्कीवर गेले, तेव्हा चक्कीच्या खिडकीपुढे एक गृहस्थ कोट घालून उभे होते. एप्रिलची दुपार, आमच्या वर्ध्याचं ऊन, आणि हे कोटात. कपाळावरून घाम ओघळत होता, बगलेत उशीएवढी जाड फाईल होती, आणि गृहपाठ न केलेल्या मुलासारखे ताठ उभे राहून ते खिडकीच्या बंद काचेकडे बघत होते. काचेआडून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "काऊन चालले?" म्हणजे, कशाला चालले?

"मुलाकडे," गृहस्थ म्हणाले. "म्हणजे कसं, माझा मोठा मुलगा आधी पुण्याला होता, मग त्याच्या कंपनीनं त्याला तिकडे पाठवलं, आता सूनबाईंनाही तिकडेच..."

"काऊन चालले, इतकंच इचारलं. पायलीभर गहू मागतले तं पोतं कायले ओतून राह्यले, गुरुजी? फिरून सांगा."

"मुलाला भेटायला."

"हां. वापस कधी येनार?"

"देवाची इच्छा असेल तेव्हा."

"गेलं!" काच खाडकन बाजूला सरकली आणि पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवयांचा एक चेहरा बाहेर आला. "देवाची इच्छा नाई सांगाची तिथं. महिना सांगाचा. देवाले व्हिसा नाई लागत गुरुजी, तुमाले लागते."

मला वाटलं होतं ही दळणाची रांग आहे, म्हणून मी डबा घेऊन गुरुजींच्या मागे निमूट उभी होते. गुरुजी रुमालानं मान पुसत बाजूला झाले, तशी मी पुढे सरकले. "तुमचा कोनता देश?" मावशीनं विचारलं. मी म्हटलं, "गहू आहेत. दळायचेत." तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "मंग तिकडून या, दारातून. हे खिडकी अमेरिकेची हाय."

ही माझी आणि अनसूयामावशी थूलची पहिली भेट. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. जगाचे नकाशे भिंतीवर टांगून वर्षानुवर्षं पोरांना देश दाखवले, पण एखाद्या देशाची वेस ओलांडायची तर माणसाला कुठल्या खिडकीपुढे कसं उभं राहावं लागतं, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो मावशीच्या चक्कीत उभी राहून, पिठाचा धूर नाकात घेत, मी केला. पहिला पावसाळा लागायच्या आत मी तिला अगं-तुगं करू लागले. ती मात्र मला शेवटपर्यंत 'मॅडम'च म्हणत राहिली, आणि त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे मला कधीच नीट कळलं नाही.

मावशीचं माहेर समुद्रपूरकडचं. लहानपण कापूस वेचण्यात गेलं. लग्न होऊन सिंदी मेघेत आली ती या चक्कीवर. नवरा गेला तेव्हा लेक प्रज्ञा अजून शाळेतही जात नव्हती. त्या दिवसापासून मावशी चक्कीपुढे जी उभी राहिली ती राहिलीच. पट्ट्याच्या आवाजामुळे तिला मोठ्यानं बोलायची सवय लागली होती. ती दवाखान्यातही तशीच बोले, विहारात वंदनेलाही तशीच बोले आणि कानात गुपित सांगायला आली तरी चार घरांना ऐकू जाई. घरात एकच प्लास्टिकची खुर्ची होती, ती पाहुण्यांसाठी. चहासुद्धा ती उभ्यानंच पिई. "बस गं घडीभर," म्हटलं तर म्हणे, "मी बसली का पीठ जाडं येते." तिला बसलेलं पाहिलेला माणूस आमच्या गल्लीत शोधून सापडला नसता.

प्रज्ञा शिकली, नागपूरला इंजिनिअर झाली, लग्न करून नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली. तिला दिवस गेले तेव्हा मावशीनं व्हिसासाठी अर्ज केला. लेकीचं पहिलं बाळंतपण आईनं करायचं असतं. लेक माहेरी येऊ शकत नसेल तर माहेरानं लेकीकडे जायचं, इतका साधा तिचा हिशोब होता. मुंबईच्या वकिलातीत ती भाच्याला घेऊन गेली. पुढे काय झालं, हे ती स्वतः सांगे, आणि दर वेळी तेवढ्याच मोठ्यानं सांगे.

"पयल्या दिवशी बोटाचे ठसे घेतेत. माहे ठसेच उमटेना! कापसाच्या बोंडानं अन् चक्कीनं बोटं अशी घासली, का एक रेघ नाई राह्यली. थे पोरगी बिचारी पुसे अन् दाबे, पुसे अन् दाबे. शेवटी उमटले एकदाचे. दुसऱ्या दिवशी मंग खिडकी. मोबाइल नाई न्यायचा, थैली नाई न्यायची. रांगेत चालत जाचं अन् काचेपुढं उभं राहाचं. गोरा साहेब होता, पन बोलला चांगला. बाजूले एक मराठी पोरगी, थे मले मराठीत सांगे. पोरीकडं चालले काय म्हने, हाव म्हनलं. चक्की कोन चालवीन म्हने, भाचा म्हनलं. मंग म्हने, तिथं काय करनार? मी म्हनलं, काम करीन! बाळंतिनीचं सगळं करीन, लेकराले न्हाऊ घालीन, सैपाक करीन, धुनं-भांडे करीन. फुकटचं खानार नाई साहेब, आपल्याले सवय नाई!"

यातलं शेवटचं वाक्य म्हणताना, एवढं होऊनही, तिची मान ताठ होई. आमच्याकडे लेकीच्या घरी जाऊन हातावर हात ठेवून बसणारी आई म्हणजे चारचौघींनी नावं ठेवायचा विषय. लेकीच्या घरचं पाणी प्यायलाही संकोचणाऱ्या पिढीतली ही बाई. साहेबासमोर आपण अब्रूदारपणे वागलो असंच तिला वाटलं. पण पाहुणी म्हणून जाणाऱ्या बाईनं 'मी मूल सांभाळायला, घरकाम करायला चालले' असं त्या काचेपुढे सांगितलं, की त्यांच्या लेखी ती पाहुणी उरत नाही. साहेबानं काहीतरी टाईप केलं, आणि पासपोर्ट एका कागदासह परत तिच्या हातात ठेवला.

मावशी हसत हसत बाहेर आली. भाच्याला लांबूनच पासपोर्ट नाचवून दाखवला. "झालं रे! पाय, लगेच वापस बी देल्ला!" तिला काय ठाऊक, की त्या जागी उलटाच कायदा आहे. व्हिसा द्यायचा असला की पासपोर्ट ठेवून घेतात आणि नाकारला की तिथल्या तिथे हातात देतात. भाच्यानं कागद वाचला आणि तो खाली मान घालून उभा राहिला. "नाई म्हनलं त्याचं काई नाई मॅडम," मावशी मला एकदा म्हणाली, त्या एकाच वेळी जरा हळू, "पन मी हासत आली ना, त्याची लाज वाटते मले."

प्रज्ञाची मुलगी, मैत्री, तिकडेच जन्मली. प्रज्ञासाठी केलेले डिंकाचे लाडू मावशीनं दोन घरं सोडून असलेल्या एका बाळंतिणीला नेऊन दिले. नातीसाठी जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ मात्र कोणाला दिली नाही, पेटीत ठेवली. पुन्हा अर्ज कर म्हणून प्रज्ञानं फोनवर किती मनधरणी केली, पण मावशीचं एकच, "दारातून परतवलं त्या घरी मी फिरून जात नाई."

स्वतः गेली नाही, पण इतरांना पाठवायचं मात्र तिनं मनावर घेतलं. आमच्या भागातून पोरं बाहेरदेशी जाऊ लागली होती, त्यांच्या मागे आईबाप जाऊ बघत होते, आणि वकिलातीची खिडकी प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस गल्लीत एकच होतं. आधी शेजारचे विचारायला आले, मग वर्ध्याहून, मग थेट समुद्रपूरहून एसटीनं लोक येऊ लागले. चक्कीला पूर्वी दळणाचे डबे घ्यायची एक सरकत्या काचेची खिडकी होती, तीच तिनं सरावासाठी वकिलातीची खिडकी केली. मावशी आत, अर्जदार बाहेर अंगणात, उन्हात. सावलीत उभं राहू का विचारलं तर म्हणे, "तिथं साहेब तुमाले छत्री धरनार हाय काय? होऊ द्या सवय."

तिची काही वाक्यं आमच्याकडे म्हणींसारखी झाली. कोणी फाईल उघडून सातबारा, बँकेचं पुस्तक, नातवाचे फोटो काढू लागला की, "फाईल नोको दाखवू, तोंड दाखव." कोणी घराण्याचा इतिहास सुरू केला की, "दळन माह्याकडे असते, तू नोको दळू." आणि निघताना प्रत्येकाला, "ध्यानात ठेवजो, पासपोर्ट हातात आला तं गेला, अन् हातातून गेला तं आला." यात तिच्या स्वतःच्या मनच्या गोष्टीही भरपूर होत्या. तिसऱ्या नंबरची खिडकी शुभ, डोक्याला तेल लावून जायचं नाही, नवी चप्पल घालायची नाही. यावरून मी तिच्याशी कितीदा भांडले. "मावशी, खिडकी आपण निवडत नाही, ते बोलावतात त्या खिडकीत जायचं असतं." ती म्हणे, "मॅडम, तुमी गेल्ता काय?" नव्हते गेले. त्यावर माझं भूगोलाचं ज्ञान कामाचं नव्हतं.

कोटवाल्या भोयर गुरुजींना व्हिसा मिळाला. पेढे द्यायला आले तेव्हाही कोट होताच. पण सगळ्यांना मिळत नसे. समुद्रपूरची एक मुलगी शिकायला जाणार होती. हुशार, चुणचुणीत, मावशीपुढे प्रत्येक उत्तर चोख देणारी. तिला नकार आला. ती रडत चक्कीवर आली तेव्हा मावशीनं पट्टा बंद केला, जे ती कोणासाठी करत नसे, आणि तिच्या पाठीवरून पिठाचा हात फिरवत राहिली. मुलगी साहेबाला बोल लावू लागली, तशी मावशी म्हणाली, "थो वाईट मानूस नाई, पोरी. त्याले तुहं मन दिसत नाई, मधात काच असते. तू फिरून जाजो." मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा गेली, आणि यावेळी मिळाला. मी मावशीला म्हटलं, "लोकांना फिरून पाठवतेस, मग तू का नाही जात?" मावशीनं पट्टा सुरू केला. त्या आवाजात माझं पुढचं बोलणं बुडून गेलं.

मैत्री बोलायला लागली तशी रविवारी सकाळी फोनवर आजी-नातीचा दरबार भरे. मावशी विहारातून पांढऱ्या लुगड्यात परतलेली असे, फोन दिवळीत टेकवून त्यापुढे उभी राही. एकदा मी तिथेच होते. मैत्रीनं बराच वेळ आजीकडे पाहिलं आणि आईला काहीतरी विचारलं. प्रज्ञा हसू लागली. मावशी म्हणाली, "काय म्हनते माही बाय?" प्रज्ञा म्हणाली, "आई, ती विचारतेय, आजीला पाय आहेत का? तिनं तुला इथपर्यंतच पाहिलंय ना नेहमी."

मावशीही हसली. फोन बंद झाल्यावर मात्र ती स्वतःच्या पायांकडे बघत राहिली. भेगा पडलेले, पिठानं भरलेले, उभं राहून सुजलेले ते पाय. त्याच महिन्यात वर्ध्याच्या डॉक्टरांनी तिची छाती तपासून सांगितलं होतं, की इतक्या वर्षांचं पीठ फुप्फुसात बसलं आहे, चक्की सोडा, दम आणखी कमी होत जाईल, लांबचा प्रवास करायचा असेल तर आत्ताच करून घ्या. हे ती कोणाला बोलली नव्हती. त्या सकाळी मला म्हणाली, "मॅडम, जातो मी त्या खिडकीत. नाई म्हनलं तं म्हनलं. पोट्टीले वाटू नये, का तिची आजी अर्धीच हाय."

त्या दिवशीपासून आमच्या जागा बदलल्या. मी आत, चक्कीत. मावशी बाहेर, अंगणात. मी काच सरकवली आणि तिच्याच सुरात विचारलं, "काऊन चालले?"

"लेकीले अन् नातीले भेटाले."

"वापस कधी येणार?"

"दसऱ्याच्या आधी. दसऱ्याले नागपूरले जाचं असते मले, एकई साल चुकलं नाई."

याहून चांगलं उत्तर कोणत्याही वकिलानं दिलं नसतं. मी खूश होऊन पुढे गेले. "तिथं काय करणार?"

मावशीनं तोंड उघडलं. "काम क..." आणि जीभ चावली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.  जगाकडून जे उत्तर तिनं घोकून घेतलं होतं, ते तिला स्वतःला येईना.

"मावशी, साधं आहे. लेकीच्या घरी आराम करणार, नातीशी खेळणार, बसून राहणार. म्हण बरं."

"नाई म्हनता येत."

"का?"

"खोटं हाय थे. मी तिथं गेली अन् भांडे पडले दिसले, तं मी बसून राहीन काय? माह्यानं होईल काय? दर रविवारी पंचशील घेते मी, मॅडम. खोटं बोलनार नाई म्हनून हात जोडून म्हनते. अन् त्या खिडकीत जाऊन खोटं बोलू? नातीचं तोंड पाहाले?"

मी वैतागले. खरं सांगते, रागच आला मला. एवढ्या लोकांना पार केलं आणि स्वतःच्या वेळी ही बाई अशी काठावर येऊन बसलेली. डॉक्टरांचं बोलणं मला तोवर कळलेलं होतं, आणि ही संधी गेली तर दुसरी मिळणार नाही हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "मग खोटं बोलू नकोस! खरंच काम करू नकोस तिथं. कोणी जबरदस्ती केलीय?"

मावशीनं विचारलं, "खरंच नाई कराचं?"

"खरंच नाही करायचं."

"भांडे बी नाई?"

"कपसुद्धा नाही."

ती वळून घरात गेली. मला वाटलं रुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापवत होते तर दारात उभी. "ठरवलं मॅडम. नाई करत. एक कप बी नाई उचलत. ठरवलं का मंग सांगता येते." तिचा चेहरा असा होता, जसं काही दागिना मोडून आली असावी. एखादीला आराम करायचं ठरवणं इतकं जड जाऊ शकतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मुंबईला मी तिच्याबरोबर गेले. ठसे यावेळीही उमटायला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहाराचं पांढरं लुगडं नेसून रांगेत लागली, आणि मी समोरच्या फुटपाथवर तिची थैली, तिचा मोबाइल आणि माझा जीव मुठीत घेऊन उभी राहिले. माझ्यासारखी बरीच माणसं तिथे होती. कोणाच्या हातात आईची पर्स, कोणाच्या हातात नवऱ्याचा डबा. सगळे एकाच दाराकडे बघत होते. बाहेर येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे लोक बघत. मी हातांकडे बघत होते. पासपोर्ट घेऊन एक तरुण आला, मी नजर दुसरीकडे वळवली. रिकाम्या हातांनी एक जोडपं आलं, मी ओळख नसताना त्यांच्याकडे पाहून हसले.

मग मावशी आली. दारातच थांबली, मला शोधलं, आणि दोन्ही हात वर करून तळवे माझ्याकडे फिरवले. रिकामे. पांढरं लुगडं, वर केलेले दोन रिकामे हात आणि गालांवरून वाहणारं पाणी. माझ्या शेजारच्या बाई हळहळल्या, "अरेरे, बिचारीचं सगळंच गेलं वाटतं." मी त्यांना उत्तर द्यायला थांबले नाही. रस्ता ओलांडून मी मावशीला कडकडून मिठी मारली, आणि भर मुंबईत दोघी रडलो.

"कोणती खिडकी होती?" मी नंतर चहा पिताना विचारलं. "तिसरी नोहती," ती जरा खट्टू होऊन म्हणाली. मग सांगू लागली. "यावेळी पोरगी होती साहेबिन, प्रज्ञाच्या वयाची. तेच इचारलं तिनं, तिथं काय करनार? मी म्हनलं, बसून राहीन. थे पाहतच राह्यली माह्याकडं. म्हने, रोज? मी म्हनलं, हाव, रोज. आजवर कधी बसली नाई बाई मी. लेकीच्या घरी बसून पाहाचं हाय, कसं वाटते थे. तं हासली, अन् पासपोर्ट ठेवून घेतला." चहा ती उभ्यानंच पीत होती.

मावशी अमेरिकेला गेल्यावर पंधरवड्यानं मला प्रज्ञाचा फोन आला. आवाज रडवेला. "ताई, आई माझ्यावर रागावलीय का? मैत्रीच्या वेळी ती येऊ शकली नाही, त्याचा राग मनात आहे का?" मी विचारलं, झालं काय? "ती काहीच करत नाही. खुर्चीत बसते, हात मांडीवर ठेवून. जेवली की ताट तिथंच. मी ऑफिसातून येऊन भांडी घासते, ती बघत असते. चुळबुळ करते, पण उठत नाही. माझी आई अशी नाही, ताई. काहीतरी बिनसलंय."

मला आधी हसू फुटलं. मग मी तिला अंगणातली रंगीत तालीम सांगितली, पंचशील सांगितलं, दागिना मोडल्यासारखा तो चेहरा सांगितला. "तिनं शब्द दिलाय त्या खिडकीत. तो पाळतेय. मोडायला लावू नकोस."  मग प्रज्ञा म्हणाली, "म्हणजे मला बघायला यायचं, म्हणून ती बसून राहिलीय?" मी हो म्हटलं. तिनं फोन ठेवला.

दसऱ्याच्या आधी मावशी परत आली, सांगितलं होतं तशी. अंगानं जरा भरलेली, पण दम लागत होता. मी विचारलं, "पाळलास शब्द?"

"पाळला. कप बी नाई उचलला. लय जीव गेला मॅडम, पयले आठ दिवस तं हात कुठं ठेवू समजे ना." मग जरा थांबून, "मैत्रीच्या अंगावर वाकळ तेवढी टाके मी रोज, झोपली का. थे काम थोडीच हाय?"

"नाही गं, ते कसलं काम."

"अन् मॅडम, पयल्याच दिवशी तिनं माहे पाय पाहून घेतले. हात लावून पाह्यले. दोन हायेत म्हने." हे तिनं इतक्या मोठ्यानं सांगितलं की भोयर गुरुजी त्यांच्या ओट्यावर हसले.

चक्की तिनं भाच्याच्या हवाली केली, खिडकी मात्र सोडली नाही. पण आता बाहेर अंगणात ती प्लास्टिकची खुर्ची आली होती, कडुनिंबाच्या सावलीत. लोकांना म्हणे, "घडीभर बसा, मंग उभे राहा." स्वतःही उंबरठ्यावर बसून चहा पिऊ लागली. येणारे-जाणारे थबकून बघत. "काय पाहून राह्यले?" ती ओरडे. "बसता येते मले. अमेरिकेत शिकून आली."

त्या हिवाळ्यात तिचा दम वाढला आणि वर्ध्याच्या दवाखान्यातच ती आम्हाला सोडून गेली. शेवटच्या दिवशीही नर्सला ती तेवढ्याच मोठ्यानं सांगत होती, की सलाईन हळू सोडजो पोरी. मला तिची फार आठवण येते. अजूनही चक्कीवर गेले की मी आधी खिडकीकडे बघते आणि मग दारातून आत जाते.

प्रज्ञा आली. विहारातली वंदना झाली, माणसं पांगली, आणि संध्याकाळी आम्ही दोघी अंगणात बसलो. मी खुर्ची तिच्याकडे सरकवली, पण ती तिच्यात बसली नाही, खाली जमिनीवर बसली, रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून.

"तिकडे मी अशीच बसायची, ताई," ती म्हणाली. "तुमचा फोन झाला, त्या दिवसापासून. ऑफिसातून आले की भांडी तशीच टाकायची आणि आईच्या खुर्चीपुढे येऊन बसायची. तिच्या केसांना तेल लावायची. लहानपणापासून आई म्हटलं की मला तिची पाठच आठवते. तिचं तोंड चक्कीकडे. शाळेतून येऊन मी त्या पाठीलाच सगळं सांगायची, आणि ती मागं न वळता ओरडून उत्तर द्यायची. मी एवढी मोठी झाले, पण तिच्या उजव्या डोळ्याच्या कडेला एक तीळ आहे हे मला माहीत नव्हतं. सारखं पीठ असायचं ना तिथं. तो मला तिकडे दिसला."